पूजेच्या वेळचा रक्तदाब

ऋतुराजच्या पीएच.डी.ची वाट लागली होती आणि ती लावली होती त्याच्या सख्ख्या काकांनी.

विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात तो कित्येक वर्षं एकच गोष्ट सिद्ध करत होता, की पूजेला बसलं की माणसाचा रक्तदाब उतरतो. त्याच्यामागून आलेली मुलं डॉक्टरेट घेऊन शिकवायला लागली होती. याची मुदत सोमवारी संपत होती. पद्धत तशी सोपी होती. दंडाला पट्टा, कमरेला डबीएवढं यंत्र; पट्टा थोड्या थोड्या वेळाने आपोआप फुगायचा आणि यंत्र आकडा टिपायचं. चोवीस तास ते अंगावरून काढायचं नाही. गंगेकाठच्या पंचगंगा घाटामागच्या गल्ल्यांतले झाडून सगळे मराठी भिक्षुक नरहरकाकांनीच त्याला मिळवून दिले होते. पूजेच्या वेळी त्यांचे आलेख असे काही उतरत, की त्याच्या गाईड संपदा मॅडमना परिषदेची स्वप्नं पडू लागली होती. राहता राहिले खुद्द काका. त्यांचा आलेख पूजेच्या वेळी चढला तो थेट एकशे नव्वदवर गेला.

"हे पूजा करत होते की कुस्ती?" मॅडमनी विचारलं.

"पूजाच, मॅडम."

"मग कारण शोधून आण. असं सोडून देता येत नाही."

ऋतुराज घरी पोचला तेव्हा काका सुपारी कातरत बसले होते.

"काका, पूजेच्या वेळी कसलं टेन्शन आलं होतं तुम्हाला?"

"मला? कसलंच नाही. एकदम बढिया पूजा झाली."

"मशीन तर वेगळंच सांगतंय."

"मशीन माझ्याजवळ होतंच कुठे तेव्हा?"

"म्हणजे?" ऋतुराज ओरडला.

"अरे, मी सोवळ्यात असतो," काका समजुतीने म्हणाले. "दहा जणांच्या दंडाला लागलेला पट्टा सोवळ्यात कसा चालेल? पण तू बजावलं होतंस ना, चोवीस घंटे काढायचं नाही म्हणून. मग पूजेपुरतं तुझ्या काकूला बांधलं. मशीन जरासुद्धा खाली ठेवलं नाही."

आनंदीकाकू पाणी घेऊन बाहेर आली. "ह्यांना सोवळ्यात कशाला शिवायला नको. मग बसल्या जागेवरून नुसता पुकारा. फुलं आण, कापूर कुठे ठेवलास, दरवाजा बघ. इकडे तो पट्टा आवळतोय आणि मी धावतेय. माझं डोकं भन्नावलं होतं नुसतं."

ऋतुराजचा जीव भांड्यात पडला. म्हणजे एकच आलेख नासला होता, बाकी प्रबंध शाबूत होता. त्याने आपली खात्री करून घेतली.

"दुसऱ्या कुणी असं नाही ना केलं?"

"असं कसं? सगळ्यांना मीच तर समजावलं," काका अभिमानाने म्हणाले. "सगळे सोवळंवाले. ज्याने त्याने आपापल्या बायकोला बांधलं."

ऋतुराज होता तिथेच खाली बसला. "मग त्या सगळ्यांचं प्रेशर उतरलं कसं?"

"ते लोक पूजेत मौन पाळतात," काकू म्हणाली. "तेवढाच त्या बिचाऱ्या बायकांना आराम. तू पाणी पी, बेटा."

दुसऱ्या दिवशी त्याने रडकुंडीला येऊन मॅडमना सगळं सांगितलं. इतक्या वर्षांची मेहनत गंगार्पण झाली होती. मॅडम रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, पण त्या सगळे आलेख पुन्हा एकदा बघत बसल्या.

"म्हणजे नवरा गप्प बसला की बायकोचा रक्तदाब उतरतो."

"हो, मॅडम."

"प्रत्येक घरात?"

"काकांचं सोडून."

"सोडून कशाला? ते बोलत होते म्हणून चढला. तुझा सगळ्यांत पक्का पुरावा आहे तो." मॅडमनी आलेख नीट रचून ठेवले. "प्रबंधाचं नाव बदल. त्या बायकांची रीतसर संमती घे आणि पहिल्यापासून सगळं मोज. मुदतवाढीचं मी बघते."

पहिल्यापासून म्हटल्यावर ऋतुराजच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. घरून होता. त्यांनी तो वाजू दिला, ड्रॉवरमधलं यंत्र काढून पट्टा दंडाला बांधला आणि मगच फोन कानाला लावला.

"हं, बोला," त्या म्हणाल्या आणि ऋतुराजला आकडे लिहून घ्यायची खूण केली.