रिमोटचा आठवा सेल

रविवारी सकाळी भिंतीवरचं घड्याळ सात वीसला बंद पडलं आणि वर्षाने ते मोठ्या शहाणपणाने चालू केलं. नवऱ्याच्या, म्हणजे प्रविणच्या, खेळण्यातल्या विमानाच्या रिमोटमध्ये आठ सेल असतात. त्यातला एक काढून तिने घड्याळात घातला आणि घड्याळातला थकलेला सेल रिमोटमध्ये बसवला. रिमोटमध्ये सातच ठेवले असते, तर प्रविणला लगेच कळलं असतं. पण वर्षा पडली मोजणीला पक्की.

प्रविणचं तलासरीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. "नुसतं चार्जिंगला लावून काय होतं? चार्ज झाला का ते बघायचं," असं तो गिऱ्हाइकांना दिवसभर सुनावायचा. त्यामुळे आदल्या दिवशी रिमोट चार्जिंगला लावून, हिरवा दिवा डोळ्यांनी पाहूनच तो उठला होता. थर्माकोलचं ते विमान त्याने सहा महिने खपून बनवलं होतं आणि आज ते सासऱ्यांसमोर उडायचं होतं.

आशागडजवळ सासऱ्यांचं, म्हणजे लडक्यामामांचं, भाताचं शेत कापणीनंतर मोकळं पडलं होतं. त्यांचा पुतण्या विनोद याला ते क्रिकेटच्या सामन्यांसाठी हवं होतं, तर प्रविणला विमानासाठी. झाडं नाहीत, तारा नाहीत, अशी दुसरी सपाट जागा शोधता शोधता प्रविणच्या चपला झिजल्या होत्या. मामांनी एका वाक्यात निकाल लावून टाकला होता. "उडलं तं शेत तुझं, पडलं तं विनोदचं."

अख्खा पाडा बांधावर जमला. प्रविणने विमान हातातून सोडलं आणि ते सुर्रकन वर गेलं. लडक्यामामांची विडी ओठांपर्यंत येऊन तिथेच राहिली. सासूबाई हिराबाईंनी तर हात जोडले.

"माय गं! पंख पन हलवत नाय, नि उडतं!"

तेवढ्यात प्रविणच्या हातातला रिमोट ओरडला. टिट्. टिट्.

"बोलतंय," हिराबाई हळूच म्हणाल्या. "काय म्हनतं ते?"

"चार्जिंग संपली म्हणतंय, मामी," प्रविण रिमोटकडे बघत म्हणाला. "पण कसं शक्य आहे? काल फुल्ल केलेला!"

"आठच्या आठ आहेत," वर्षा अभिमानाने म्हणाली. "मी स्वतः मोजून ठेवलेत."

"ठेवलेत म्हणजे?"

"घड्याळातला एक तुझ्या रिमोटमध्ये, तुझा एक घड्याळात. फिट्टंफाट."

आठही सेल एका माळेतले. एकाने मान टाकली की बाकीचे सात कितीही ताजे असोत, काही उपयोग नसतो. हे बायकोला समजावण्याची ही वेळ नव्हती. प्रविणने घाईघाईने विमान खाली आणलं. ते खाली येतंय म्हटल्यावर जवळून बघायला अख्खा पाडा त्याच्याखाली धावला.

"बाजूला व्हा! बाजूला!"

सगळे शहाण्यासारखे बाजूला झाले आणि विमान नेमकं जिकडे वळत होतं तिकडेच जाऊन उभे राहिले. प्रविणने ते पुन्हा वर घेतलं. दुसऱ्यांदा खाली आणलं, तर शेताच्या मधोमध विनोद तोंड उघडं टाकून उभा. विमान पडावं म्हणून ज्याने सकाळी नारळ बोलला होता, तोच आता वर बघत ओरडत होता, "सांभाळ रे, सांभाळ!" पुन्हा विमान वर. टिटटिटटिट, रिमोटने जीव तोडून आकांत केला, आणि तो गप्प झाला.

रिमोटचा हुकूम तुटताच वर मोटरही बंद पडली.

"संपलं," प्रविण म्हणाला आणि ढेकळात बसला. सहा महिने आणि शेत, दोन्ही एकदमच जाणार होतं.

पण विमान पडेना. मोटर थांबल्यावर ते डावीकडे किंचित कललं आणि गोल फिरू लागलं. तापलेल्या शेतातून वर चढणाऱ्या हवेवर एक घार घिरट्या घालत होती. विमान तिच्याच वाटेला लागलं आणि दोघं मिळून वर, आणखी वर चढू लागली. आवाज नाही, घाई नाही. प्रविणने ते आजवर पन्नास वेळा उडवलं होतं, पण इतकं सुंदर एकदाही नाही. आपल्या हाताने बनवलेली वस्तू आपल्याशिवाय जास्त चांगली उडते, हे पाहून त्याला थोडा अपमानही वाटला.

बऱ्याच वेळाने ते आपणहून उतरत आलं, भाताच्या खुंटांवरून घसरलं आणि बांधापाशी थांबलं. एक चरासुद्धा पडला नव्हता. लडक्यामामा जवळ गेले आणि त्यांनी एका बोटाने त्याचा पंख अलगद चाचपला.

"शेत तुझं," ते म्हणाले.

"दर रविवारी उडवनार ना?" एवढंच विनोदने विचारलं.

"पन एक सांगतो, जावय," मामा पुढे म्हणाले. "तो डबा घरी ठेव."

"मामा, त्याच्याशिवाय ते उडेल कसं?"

मामांनी जावयाकडे अतिशय दयेने पाहिलं. "आत्ता उडलं तसं. डबा वरडत होता तवर बिचारं घाबरून खाली-वर पळत होतं. डबा गप झाला, तवा कुठं नीट उडलं."

खरा बिघाड काय ते सांगायला प्रविणने तोंड उघडलं. मग समोर पसरलेल्या सपाट, मोकळ्या शेताकडे पाहिलं.

"हो मामा," तो म्हणाला.