चंद्रा कोणाच्या मागं चालते?

दोन सारख्या गोष्टींतला फरक ओळखावा तर तो मीच! घाई आणि धांदल, लाज आणि भीड, राग आणि रुसवा, काहीही समोर ठेवा, मी सुपात घालून पाखडून देते. दाणा इकडे, फोल तिकडे.

आमच्या घरी हा खेळच होता. संध्याकाळी हे शाळेतून आले, की चहाबरोबर एक जोडी निघायची. यांचं नाव नृसिंह. नावात सिंह असला तरी भिंतीवर पाल दिसली की हे स्टुलावर चढतात. पण वाद घालायला बसले की आयाळ फुटायची. हरेल त्यानं आडाचं पाणी काढायचं, असा नियम. आता खोटं कशाला सांगू, पाणी बहुतेक हेच काढत. ते हरत म्हणून, की माझे हात दुखत म्हणून, हा फरक मात्र मी कधी पाखडला नाही.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळी जवळ आली होती. आमच्या पेठेत ज्ञानू गवळी रोज सकाळी म्हशी घेऊन कट्ट्याला उभा राहायचा. बायका तांबे घेऊन जायच्या आणि तो डोळ्यांदेखत धार काढून द्यायचा. फेस असा, की तांब्यात कापूस पिंजून भरलाय! त्याची लाडकी म्हैस चंद्रा. सोडली की दोर नाही, काठी नाही. ज्ञानू खांद्यावर काळी घोंगडी टाकून पुढं निघाला, की ही मागं. नदीवर तर नदीवर, बाजारात तर बाजारात. मी तिच्यावर एक ओवीसुद्धा रचली होती, आणि ती पेठेतल्या जात्यांवर फिरत होती:

चंद्रा माझी गं सावळी, शिंगं तिची चंद्रकोर,
धन्यामागं चालताना, नाही लागत तिला दोर.

त्या संध्याकाळी चहा घेताना मी सहज म्हटलं, माया असावी तर अशी. यांनी बशी खाली ठेवली.

"माया कसली? सवय आहे ती."

झालं! माया आणि सवय. असली जोडी आमच्या घरात आजवर निघाली नव्हती. हे म्हणाले, म्हैस घोंगडीमागं जाते, पेंडीमागं जाते, ज्ञानू तिच्या खिजगणतीतही नाही. मी म्हटलं, सवय पायाला असते आणि माया पोटात असते. हे म्हणाले, म्हशीच्या पोटात वैरण असते. मग मीही पदर खोचला. "घाला काळी घोंगडी आणि रोज तिला गूळभाकरी चारा. ढुंकून पाहिलं तुमच्याकडं, तर वर्षभर पाणी मी काढीन."

म्हणजे परीक्षा मीच मांडली, भाकरी मीच थापली, गूळही मीच फोडून दिला. एवढं सगळं आपल्या हातानं करणारी दुसरी बाई दाखवा!

दुसऱ्या दिवसापासून दूध आणायचं काम यांच्याकडं गेलं. थंडीचं निमित्त, अंगावर काळी घोंगडी. ज्ञानू मागं बसून धार काढायचा आणि हे पुढं उभं राहून घोंगडीआडून चंद्राला भाकरी भरवायचे. ज्ञानूला काही कळायचं नाही, उलट तो खूश. एकदा मलाच म्हणाला, "वैनी, मास्तर दूध न्यायला आलं की चंद्रा पान्हा लगेच सोडतीया. लई गुणाचा मानूस हाय बघा." मी पदर तोंडाला लावला.

परीक्षेचा निकाल दिवाळी झाल्यावर, अगदी निवांत घ्यायचा असं आमचं ठरलं होतं. ज्ञानूनं त्या दिवाळीत काय मांडून ठेवलंय, हे आम्हांला कुठं ठाऊक!

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो लाजत लाजत आला. कळंब्याचे गणपतराव त्याला पाहायला येणार होते. त्यांची मुलगी बना. पोरीला ज्ञानू पसंत होता, ज्ञानूला पोरगी पसंत होती, अडलं होतं ते बापाशी. गणपतरावांचं म्हणणं असं, की गवळ्याचं घर बघायचं तर पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीत बघावं. ज्याच्या मागं जनावर दोराशिवाय चालतं, त्याच्या घरात पोरगी सुखानं नांदते. "तुमच्या ओट्यावरनं गल्ली सगळी दिसती," ज्ञानू म्हणाला. "पावण्यांस्नी तिथं बसवू का?"

मी मोठ्या मनानं हो म्हटलं.

पाडव्याचं ऊन हळदीच्या अंगानं गल्लीत उतरलं. हलगी कडाडू लागली. म्हशी आल्या, त्या काय म्हशी! शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मोरपिसं, पायांत घुंगरं. गणपतराव आमच्या ओट्यावर मांडी घालून बसले होते. मिशा अशा, की दोन्ही बाजूंना एकेक कंदील टांगावा. मी ताट घेऊन दारात, आणि माझ्या शेजारी हे. सकाळचा गारठा, म्हणून अंगावर घोंगडी!

माझं लक्षच गेलं नाही हो.

ज्ञानू आला. नवा निळा फेटा, छाती पुढं, नजर समोर. मिरवणुकीत मालकानं मागं वळून पाहायचं नाही, अशी त्यांची रीत. वळून पाहिलं म्हणजे भरवसा नाही, म्हणजे नाक कापलं. मी चंद्राला ओवाळलं. ज्ञानूनं "ये चंद्रे" अशी साद घातली आणि तो पुढं निघाला.

चंद्रा निघाली नाही. तिनं नाक फुगवलं, मान वळवली, आणि सगळं डोकं यांच्या घोंगडीत खुपसलं.

ज्ञानू आपला चालतोय! गल्लीतनं एकटा, मिशीला पीळ देत, मागं हवा. लोक हसायला लागले, त्याला वाटलं वाहवा चाललीय. त्यानं छाती आणखी फुगवली. त्यातच समोरच्या माडीवरून धोंडुबाई आणि तिच्या सुनांनी माझी ओवी धरली, 'धन्यामागं चालताना'! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

गणपतरावांनी यांच्याकडं खालून वर पाहिलं. मग गंभीरपणे विचारलं, "पावणं, तुमचं लगीन झालंय न्हवं?"

हे पळाले. चंद्रा घुंगरं वाजवत मागं. मी ओरडले, "अहो, घोंगडी टाका!" पण यांनी थंडी लागू नये म्हणून ती गळ्याशी गाठ मारून बांधली होती. हे बोळातून शिरले आणि पलीकडून नेमके ज्ञानूच्या समोर निघाले. तेव्हा त्या बिचाऱ्याला कळलं, की आपल्या मागं असलेली म्हैस समोरून येते आहे.

यांना पुढं तालमीचं दार उघडं दिसलं. आत घुसले. चंद्राही घुसली. तालमीत दिवाळीसाठी कुस्तीचा हौद नुकता उकरून, तांबड्या मातीत तेल-ताक घालून, पाणी शिंपडून ठेवला होता. म्हशीला एवढा मऊ, गार बिछाना कोण देणार? चंद्रा हौदात ऐसपैस बसली. घोंगडीचं टोक तिच्या तोंडात, गाठ यांच्या गळ्यात, त्यामुळं हेही शेजारी बसले. पैलवानांनी ढकललं, ओढलं, शड्डूसुद्धा ठोकून पाहिला. ती रवंथ करत राहिली.

मी आणि गणपतराव पोचलो तेव्हा ज्ञानूही धापा टाकत आला. फेटा वाटेत कुठं तरी सुटला होता. सासरा होणारा माणूस समोर उभा आहे, गल्ली हसते आहे, याकडं त्याचं लक्षच नव्हतं. नव्या कपड्यांनिशी तो चिखलात गुडघ्यावर बसला आणि तिच्या डोळ्यांवरची माती तळहातानं पुसू लागला.

"माजं काय चुकलं गं बाई?"

मी तोंड उघडणार, तोच गणपतरावांनी वाकून यांची घोंगडी चाचपली आणि घडीतून अर्धी भाकरी बाहेर काढली. "मास्तर, ह्यो कोंच्या इयत्तेचा धडा?"

मग मी सगळं सांगितलं. माया, सवय, चहा, आडाचं पाणी. सांगताना मलाच ते इतकं येडपट वाटत होतं, की शेवटी शेवटी मी पुटपुटतच होते. ज्ञानू माझ्याकडं टकामका पाहत राहिला. गणपतरावांनी मिशी चोळली.

"भाकरीमागं गेली ती म्हशीची सवय झाली," ते म्हणाले. "पन हिच्या मागं चिखलात आला, त्याला काय म्हनायचं? आमची बना रागीट हाय. रुसून कळंब्याला आली, तर आमाला असाच मागनं येनारा पायजे." आणि त्यांनी ज्ञानूला दंड धरून उठवलं. "तुळशीचं लगीन झालं की तुमचं उरकू."

हलगी पुन्हा वाजली. चंद्रा मात्र आपल्या मर्जीनं, ऊन चढल्यावर उठली.

घरी येताना यांच्या केसांत तांबडी माती, माझ्या ताटात विझलेली निरांजनं. आडापाशी आल्यावर हे म्हणाले, "तुझंच खरं." मी म्हटलं, "छे, तुमचंच." आणि पोहऱ्याचा दोर दोघांनी एकदमच धरला.

पंधरवड्यानं ज्ञानू अक्षत घेऊन आला. राग विसरला होता, अगदी गोड हसला. म्हणाला, "वैनी, लग्नाला दोघंबी या. मास्तरांस्नी फकस्त एक सांगा. चंद्रा वरातीत हाय, माज्या फुडं चालू नका म्हनावं. न्हायतर ती त्येंच्या मागं, आन तिच्या मागं नवरी घिऊन मीच तुमच्या दारात!"

आम्ही वरातीत गेलो. सगळ्यांच्या मागून गेलो. आणि त्या दिवशी मी यांना शर्टावर कोटसुद्धा घालू दिला नाही.