वणव्याला उतार जमत नाही

राज्य शासनाच्या वणवा विभागात मी वरिष्ठ सल्लागार होते आणि वणव्याला सल्ला देणं हे माझं काम होतं.

लोकांचा इथे हमखास गैरसमज होतो. त्यांना वाटतं, वणव्याबद्दल मी सरकारला सल्ला देत असेन. तसे सल्लागार सरकारकडे पुष्कळ आहेत आणि सरकार त्यांचं किती ऐकतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. माझी नेमणूक थेट वणव्याकडे होती. दर वर्षी पानगळ सरत आली की तो कार्यालयात यायचा, समोर बसायचा आणि विचारायचा, "मॅडम, जाऊ का?" मग कुठे जायचं, कुठल्या वाऱ्यावर जायचं आणि कुठे थांबायचं हे मी त्याला सांगायचे. तो ऐकायचा. अख्ख्या नोकरीत माझं मनापासून ऐकणारा तो एकटाच. घरीसुद्धा ही सोय नव्हती. त्याचे उपकार मी आजही मानते.

कार्यालयात तो घमेल्यात बसायचा. खाली वाळूचा थर, वर तो. आमचा शिपाई देवाजी वाढई त्याच्या येण्याआधी पंखा बंद करायचा, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायचा आणि "मॅडम, पदर खोचा" अशी मला आठवण करून द्यायचा. मला चहा यायचा, त्याला सागाची वाळलेली पानं. वणवा मोठा भिडस्त पाहुणा होता. एक पान घ्यायचा, दुसऱ्याला नको नको म्हणायचा आणि बोलता बोलता सगळी ताटली संपवायचा.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. आमचे संचालक पुराणिक साहेब यांनी 'शून्य वणवा' हे उद्दिष्ट जाहीर केलं, आणि चिचगोंदीच्या समोरच्या डोंगरावरचा बांबू फुलला.

बांबू जन्मात एकदा फुलतो आणि फुलला की मरतो. सगळा डोंगर एका हंगामात वाळून खडखडीत होतो. वणवा या दिवसाची वाट चाळीस वर्षं बघत होता. आमच्या बोलण्यात तो विषय दर वर्षी निघायचा, जसा आपल्याकडे काशीला जाण्याचा निघतो. त्या वर्षी तो आला तेव्हा घमेल्यात बसवत नव्हतं त्याला.

"मॅडम," तो म्हणाला, "बांबू वाळला. जाऊ का?"

मी त्याला उद्दिष्टाबद्दल सांगितलं. तो जरा बसला, म्हणजे अगदी खाली बसला, वाळूला टेकला. देवाजीने घाईने दोन पानं पुढे केली.

मी पुराणिक साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "त्याला यंदा रजेवर पाठवा."

"तो आपल्या आस्थापनेवर नाही, साहेब. रजा कुठल्या खात्यातून देणार?"

"मग मनाई करा."

"मी सल्लागार आहे. मनाई केली तर तो पुन्हा विचारायला येणार नाही. न विचारता जाईल."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. न विचारता गेलेले वणवे त्यांनीही पाहिले होते. नाल्याच्या अलीकडे, टेकडीवर, चिचगोंदी हे पंधरावीस घरांचं गाव. घरांवर गवताची छपरं. नाल्यापलीकडे तो बांबूचा डोंगर. वणवा खालून वर पेटत धावला तर बांबूची पेटती पेरं उडून छपरांवर येणार, हे साहेबांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, "काय करायचं ते करा. शेवटी माझा आकडा शून्य आला पाहिजे."

मी वणव्याला सल्ला दिला तो असा. सकाळी जायचं. डोंगराच्या माथ्यावरून सुरुवात करायची आणि वाऱ्याच्या विरुद्ध, पावलापावलाने खाली उतरायचं. नाल्याशी आलं की थांबायचं.

"खाली?" वणवा म्हणाला. "मॅडम, उतार जमत नाई मले."

ते खरं होतं. माणसाला उतरताना गुडघे त्रास देतात, वणव्याला स्वभाव. चढ दिसला की तो धावलाच. म्हणून आम्ही सराव सुरू केला. कार्यालयामागे मुरमाचा ढिगारा होता, त्यावर देवाजी भाताचं वाळलं तणस पसरायचा. वणवा वरून निघायचा, चार पावलं शहाण्यासारखा उतरायचा आणि मग गर्रकन वळून ढिगाऱ्याच्या टोकावर. वर गेल्यावर ओशाळायचा. मी म्हणायचे, "पुन्हा." देवाजी पुन्हा तणस आणायचा. देवाजी फार सोशिक माणूस. बैलाला चाली शिकवताना जसं बोलतात तसं तो त्याच्याशी बोलायचा, "हं, हं, हळू गा, कोनी मागं लागलं नाई तुह्या." आणि एके सकाळी वणवा ढिगाऱ्याच्या पायथ्याशी पोचला. एकही काडी न उडवता. तेव्हा देवाजीने टाळी वाजवली आणि माझ्या डोळ्यांत धूर गेला असं मी सांगितलं.

दिवस ठरला. चिचगोंदीत दवंडी दिली की, अमुक दिवशी वणवा बांबूच्या डोंगरावर कामात असेल, तरी कुणी आगकाडी ओढू नये. दवंडी सगळ्यांनी ऐकली. मैनाबाई कोडाप्यांनी तर नीट लक्ष देऊन ऐकली.

मैनाबाईंचं घर चिचगोंदीत सगळ्यात खालच्या कडेला, आणि त्याखाली उतारावर मोहाची झाडं. मोह पडायला लागण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळायचा, म्हणजे फुलं साफ जमिनीवर पडतात आणि वेचायला सोपी जातात, ही तिथली रीत. मैनाबाई दर वर्षी वणव्याच्या धाकाने भीत भीत जाळत. या वर्षी त्यांनी विचार केला, की वणवा तर दिवसभर तिकडे डोंगरावर. एक वणवा एका वेळी दोन ठिकाणी असत नाही. मग मोहाखाली जाळायला याच्याइतका बिनधोक दिवस कुठला?

सकाळी आम्ही डोंगराच्या माथ्यावर होतो. वणवा घमेल्यातून उतरला, बांबूपुढे नुसता उभा राहिला. चाळीस वर्षं वाट पाहिल्यावर माणूसही असाच उभा राहतो. मग तो शिरला. बांबूची पेरं फुटायला लागली, आणि तो उतरायला लागला. हळू. मी बाजूने चालत होते. "छान," मी म्हणत होते, "असंच." त्याच्या अंगात इतका आनंद होता की माझ्या चपलांचे तळ तापले, पण त्याने पाऊल घाईचं टाकलं नाही. मला त्याचा अभिमान वाटला.

अर्धा डोंगरसुद्धा उतरून झाला नव्हता, तेव्हा देवाजीने हाक मारली. नाल्यापलीकडे, चिचगोंदीखालच्या मोहांतून धूर येत होता.

वणवा थांबला. त्याने स्वतःकडे पाहिलं, मग पलीकडे पाहिलं.

"मी तं इथं हाय," तो म्हणाला. "मंग ते कोन?"

ते एक नवं पोरगं होतं, कुणाकडेही नोंद नसलेलं, कधी कुणाचा सल्ला न घेतलेलं. मैनाबाईंच्या पाचोळ्यातून उठलं, समोर चढ दिसला आणि धावत सुटलं. वाराही आता खालून लागला होता. वर मैनाबाईंचं घर. घरामागे सगळी छपरं. गावातली माणसं हिरव्या फांद्यांनी झोडपत होती, आमचे वनमजूर वारा फेकणारी यंत्रं घेऊन धावले होते, पण त्याला कशाचं काहीच वाटत नव्हतं.

"त्याले सांगा ना काही," वणवा मला म्हणाला.

"तो ऐकणाऱ्यातला नाही."

"मंग एकच उपाव हाय. गावाच्या कडेवरून मी खाली उतरतो. वाटेतलं गवत मी खाल्लं, तं तो वर येऊन खाईल का?"

उपाय बरोबर होता. मीच त्याला एका उन्हाळ्यात शिकवला होता. पण सल्लागाराने परिणाम सांगितले पाहिजेत. मी म्हटलं, "बांबू सोडावा लागेल. सगळाच. अर्धे इथे राहिलात तर त्या अर्ध्याला सल्ला कोण देणार?"

"हाओ."

"आणि मधे तुमची दोघांची गाठ पडेल. तुमच्यामागे काही उरलेलं नसेल, त्याच्यामागेही नसेल. दोघेही विझाल."

"ते मालूम हाय मले." तो बांबूकडे बघत नव्हता. "जाऊ का, ते सांगा."

एवढ्या वर्षांत मी त्याला वारा सांगितला, ओढे सांगितले, पाखरांच्या विणीचे दिवस सांगितले. त्या दिवशी एकच शब्द सांगितला. मी म्हणाले, "जा."

तो बांबूतून निघाला. फुटत होती ती पेरं फुटायची थांबली. सगळाच्या सगळा घमेल्यात येऊन बसला, जेमतेम मावला. देवाजीने डोक्यावर चुंबळ ठेवली, घमेलं उचललं आणि आम्ही नाला ओलांडून, धुराला वळसा घालून गावाच्या वरच्या अंगाला धावलो.

गावाच्या तोंडाशी माणसं आडवी झाली. गवताच्या छपरांमधून, जेमतेम दोन हात रुंदीच्या गल्लीतून, सरकारी शिपाई डोक्यावर वणवा घेऊन जाणार, हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. मला त्यांचं चूक वाटलं नाही. तेवढ्यात मैनाबाई आल्या. हात काळे, डोळे लाल.

"इकडं द्या ते," त्या म्हणाल्या. "म्याच लावली, म्याच नेतो. पोट्ट्याहो, बाजूले व्हा."

त्यांनी घमेलं डोक्यावर घेतलं. पुढून त्यांचा आवाज ऐकू येत होता. त्या वणव्याशी बोलत होत्या. "भाऊ, उजवीकडं माह्या बहिनीचं छप्पर हाय. दम धर." आणि वणव्याने दम धरला. मी मागून पाहत होते. दोन्ही बाजूंनी वाळलं गवत हातभर अंतरावर, आणि तो घमेल्यात अंग चोरून, डोळे मिटून बसल्यासारखा. त्या गल्लीतून जाताना त्याने एक ठिणगी उडू दिली नाही. वणव्यासाठी ती केवढी गोष्ट आहे हे फक्त मला आणि देवाजीला कळत होतं.

खालच्या कडेला मैनाबाईंनी घमेलं टेकवलं. वणवा उतरला. समोर उतार होता, आणि तोंडावर वारा.

"हळू," मी म्हणाले.

तो हळू गेला. पावलापावलाने, गवत खात, मागे काळी साफ जमीन सोडत. एकदाही वळून वर पाहिलं नाही. खालून ते पोरगं धावत येत होतं. मधे कुठेतरी, मोहाच्या पहिल्या झाडाजवळ, दोघे समोरासमोर आले. थोडा वेळ दोन्ही ज्वाळा एकमेकींकडे वाकल्या. मग नुसता धूर राहिला.

गावातल्या माणसांनी हातातल्या फांद्या खाली ठेवल्या. मैनाबाई राखेत बसून रडल्या. मीही रडले, आणि या वेळी धुराचं कारण सांगितलं नाही.

पुराणिक साहेब खूश झाले. एका वणव्याने एक वणवा विझवला, म्हणजे एकातून एक गेला आणि शून्य उरलं. उद्दिष्ट पूर्ण. वणवा नाही म्हटल्यावर सल्लागाराची गरज नाही, म्हणून मला पूर विभागात पाठवलं. पुराशी दोनदा बैठक झाली. पूर मनाने वाईट नाही, पण त्याला ऐकू येत नाही. मी बोलायचे आणि तो पुढे निघून गेलेला असायचा. पावसाळाभर मी संध्याकाळी जुन्या कार्यालयाच्या मागे जाऊन त्या मुरमाच्या ढिगाऱ्याशी उभी राहायचे. माझं ऐकणारा गेला होता आणि जा असं मीच त्याला म्हणाले होते.

पानगळ सरत आली तेव्हा एका दुपारी देवाजी धावत पूर विभागात आला. त्याने पंखा बंद केला, कॅलेंडर उतरवलं आणि म्हणाला, "मॅडम, पदर खोचा."

मागून मैनाबाई आल्या. डोक्यावर घमेलं. त्यांनी ते टेबलासमोर ठेवलं आणि वरची राख हाताने बाजूला केली. खाली तो होता. बारीक झाला होता, पण तोच.

"त्या दिशी घमेल्याच्या बुडाशी एक इंगळ राह्यला होता जी," मैनाबाई म्हणाल्या. "म्या चुलीत नेऊन ठेवला. राती राखेखाली झाकाचा, सकाळी फुकाचा. मंग शेजारच्या बाया विस्तव मागाले आल्या. त्याहिलेबी दिला. आता अख्खं गाव त्याच्यावरच रांधते. तुमाले सांगाले उशीर झाला, पर मले वाटलं पहिले जरा धडधाकट होऊ द्याव."

मी खुर्चीवरून उठले. मी फक्त दोन्ही हात जोडले, आधी मैनाबाईंना, मग घमेल्याला. देवाजीने सागाची पानं आणली. वणव्याने एक घेतलं, दुसऱ्याला नको म्हणाला, आणि खरंच घेतलं नाही. त्याच्या अंगाला भाताच्या पेजेचा वास येत होता.

मी त्याला सांगितलं की त्या दिवशी मागे राहिलेला बांबू अजून उभा आहे, वाळलेला, आणि खाली कोंब आलेत.

"कोंब आले का?" तो म्हणाला. "मंग राहू द्या."

बराच वेळ आम्ही जुन्या गोष्टी बोललो. वाऱ्याच्या, ओढ्यांच्या. उन्हं उतरायला लागली तशी त्याची चुळबुळ सुरू झाली. वाळूत तो जरासा उठला, आणि त्याने तेच विचारलं, दर वर्षीच्याच आवाजात.

"मॅडम, जाऊ का?"

"कुठे?"

"घरी. भाताचं आधण ठेवाचं राह्यलं."

"जा," मी म्हणाले. "हळू जा."

मैनाबाईंनी त्याच्यावर राख ओढली आणि घमेलं उचललं. आमच्या कार्यालयाचा जिना बराच उभा आहे. ती दोघं सावकाश उतरत गेली. खालचं दार लागल्याचा आवाज आल्यावर देवाजीने पंखा लावला.