पंगतीत माणसं हेरणारे चेअरमन

लग्नाच्या पंगतीत माणिकतात्या जेवायला बसत नसत, माणसं हेरायला बसत. पानातला भात गार व्हायचा, पण यांची नजर वाढप्यांवर. कोण आपल्या पाव्हण्याच्या पत्रावळीवर दोनदा वाकतो, कुणाची आमटी शेवटच्या पानापर्यंत पुरते. मग मला कोपरानं ढोसायचे, "त्यो बघ, निळ्या शर्टाचा. हात सारखा चालतोय. डेअरीला लई कामाचा हाय."

"तात्या, आधी जेवा हो! दुसरी पंगत डोक्यावर येऊन उभी ऱ्हायली."

तात्या आमच्या गावच्या सहकारी दूध डेअरीचे चेअरमन. माझं किराणा दुकान डेअरीच्या बरोबर समोर, चौसाळ्याच्या रस्त्याला, त्यामुळे नको म्हटलं तरी सगळं दिसायचं. डेअरीचं दुखणं एकच. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जायचं आणि दूध मोजायला माणूस उरायचा नाही.

एकदा जिल्ह्याहून एक साहेब आले आणि 'योग्य जागी योग्य माणूस' या विषयावर दुपारभर बोलले. तात्यांनी हात जोडले. "साहेब, समदं पटलं. पर आमच्यात माणूस जाग्यावर ऱ्हातच न्हाई, त्याचं काय करावं?" साहेब इतके हसले की चहा सांडला.

तरी तात्यांची खटपट चालूच. निळ्या शर्टाच्या सोपानला त्यांनी हाताशी धरलं. चार माणसं कशी सांभाळायची, भांडण कसं मिटवायचं, सगळं शिकवलं. आणि सोपान इतका तयार झाला की ऊसतोडीचा मुकादमच झाला! गावातल्या नवरा-बायकोच्या जोड्या गोळा करून स्वतःच कारखान्यावर घेऊन गेला. त्याच्या आधी शिकवलेल्यांनीही हेच केलं होतं.

मी म्हटलं, "तात्या, तुमी डेअरी चालवता का मुकादमांची शाळा?"

"गप रे," म्हणाले, पण चेहरा पार उतरला होता.

मग दुष्काळ पडला. चारा संपला, दूध आटलं. डेअरीचं दूध शहरात नेणाऱ्या टेम्पोवाल्यानं बजावलं, "हिवाळ्यात डेअरी बंद दिसली तर मी पुन्हा या गावात यायचो न्हाई." म्हणजे कायमचं कुलूपच. तात्यांची झोप उडाली. तशात पाण्याच्या टँकरवर त्यांना कमल दिसली. रांग मोडून घुसवलेली एक घागर तिनं सरळ मागं सारली, आणि घागर होती तिच्याच सासूची!

तात्या धापा टाकत दुकानात आले. "घावली! उद्याची चेअरमन घावली!"

"आधी सासू तिला जिती ठेवती का ते बघा," मी म्हटलं.

पण कमलही ऊसतोडीला निघालेली. तिकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तात्यांनी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "मला ऱ्हायचंच हाय वो. लेकरांची शाळा बुडती." तात्या तडक सोपानच्या दारात जाऊन बसले. "आजवर लई माणसं नेलीस. ही एक ठिव." सोपान वरमला. कमलच्या नवऱ्याला एकट्यालाच, अर्ध्या कोयत्यावर, घेऊन गेला.

कमलनं तो हिवाळा डेअरी एक दिवसही बंद पडू दिली नाही. वार्षिक सभेत तात्या आपणहून उठले आणि तिला खुर्चीत बसवलं. "शिकवणाऱ्यानंच खुर्ची अडवली तर शिकवलं कशाला?" म्हणाले. टाळ्या पडल्या, आणि तात्या घरी गेले.

घरी होतं कोण? काकू कधीच्या गेल्या, एकुलती लेक लांब दिलेली. गायसुद्धा चाऱ्यापायी विकलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तात्या किटली घेऊन दुधाच्या रांगेत! किटलीत काय असणार, ते मला लगेच कळलं. कारण पहाटेच माझ्या फ्रीजमधली दुधाची पिशवी 'चहाला' म्हणून त्यांनी नेली होती. मोकळ्या हातानं डेअरीत कसं जायचं, म्हणून बिचाऱ्यानं ही युक्ती काढलेली.

कमलनं किटलीला हात लावला. बाकीच्यांचं दूध आत्ताच काढलेलं, कोमट, आणि हे गारढोण. विकतचं, बाहेरचं दूध दिसलं की तिथंच ओतून द्यायचं, हा नियम तात्यांनीच घातलेला. सगळी रांग बघत होती. मी रस्ता ओलांडून रांगेपाशी आलो.

तिनं झाकण घट्ट लावलं, किटली त्यांच्या हातात परत दिली आणि हळू आवाजात म्हणाली, "तात्या, हे घरी चहाला ठिवा. उद्यापास्नं तुमी नुसतं या. मला एकटीला न्हाई जमत."

साफ खोटं बोलली. तिला सगळं जमत होतं.

तात्यांनी पंच्यानं डोळे पुसले आणि रांगेकडं वळून ओरडले, "ए, नीट हुबे ऱ्हावा की रे!"