देवपूरचे शीडवाले डॉक्टर

"श्वास घ्या. सोडा. घ्या. धरून ठेवा..." एवढं म्हणून बोरसे डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले, की पेशंटने समजून जावं, आता आपला श्वास आपल्यालाच सोडायचा आहे. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या फडफडायला लागलेल्या असतात. "पश्चिमेकडून!" डॉक्टर म्हणतात. "आणि चांगला आहे!"

मग औषध लिहून देतात. बरोबरच लिहून देतात, त्याबद्दल तक्रार नाही. कुणी गंभीर पेशंट असला तर साड्या फाटेस्तोवर फडफडू देत, हा माणूस जागचा हलत नाही. पण साधा सर्दी-खोकला असला की शेवटचा पेशंट उठला रे उठला, शटर खाली आणि त्यांची जुनी जीप नकाण्याच्या तलावाकडे. माझं औषधांचं दुकान त्यांच्या दवाखान्याला लागूनच आहे. त्यामुळे धुळ्याच्या आमच्या देवपुरात ज्या दिवशी वारा चांगला, त्या दिवशी माझा धंदा मंदा. उभ्या धुळ्यात वाऱ्याला शिव्या देणारा दुकानदार मी एकटाच असेन.

डॉक्टर शिडाच्या होड्यांच्या शर्यती खेळतात. हो, धुळ्यात राहून! आमची पांझरा म्हणजे पात्रात क्रिकेट खेळायची नदी. पाणी आलंच तर आम्ही पुलावर उभं राहून फोटो काढतो. पण डॉक्टर मुंबईला डॉक्टरकी शिकायला गेले आणि तिथे समुद्रावर हे वेड लावून घेतलं. राज्याच्या शर्यती मारल्या, देशाच्या मारल्या, एकदा देशाकडून परदेशातही जाऊन आले. पुढे वडिलांनी गावी बोलावलं, तेव्हा लोक संसार घेऊन येतात, हे होडी घेऊन आले. ट्रकवर आडवी बांधून.

जिंकलेले चषक दवाखान्यात आहेत, पण कपाटात नाहीत. एकात थर्मामीटर, एकात कापूस, आणि सगळ्यात मोठ्यात पोरांसाठी गोळ्या-चॉकलेटं. शर्टाच्या आत गळ्यात एक मिटवायचा चाकू बांधलेला असतो. होडीवर दोरी अडकली तर कापायला. स्टेथोस्कोप काढताना तो कधी कधी बरोबर बाहेर येतो आणि इंजेक्शनला घाबरणारा पेशंट दार शोधायला लागतो.

आणि त्यांचं ते पालुपद! भेटलात की "कसे आहात" नाही, "नमस्कार" नाही. "वारा कुठून आहे?" साक्रीकडच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी त्याच्याच बोलीत विचारलं, "आबा, वारा कथाईन शे?" म्हातारा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, वारा घर ठेई उनू. माले खोकला शे." तलावाच्या काठी म्हशी धुणारे तर रोजच म्हणतात, "बठ्ठा दवाखाना बंद करीसन हाऊ डॉक्टर पानीमा खेळस!" डॉक्टर ऐकतात आणि हात हलवतात. लोक काय म्हणतील याची काळजी या माणसाने आयुष्यात केलेली नाही. आपण करतो ते बरोबरच आहे, यावर त्यांचा पक्का भरवसा.

आता मुख्य गोष्ट. त्यांची होडी दोन माणसांची. मागे सुकाणू धरणारा, पुढे साथीदार. साथीदाराचं काम काय, तर होडी कलली की उलट्या बाजूच्या काठावर बसून पाय आतल्या पट्ट्यात अडकवायचे आणि सगळं अंग बाहेर पाण्यावर झोकून द्यायचं. त्या जागेवर त्यांची मुलगी केतकी बसायची. बायको लवकर गेली, पोरीला यांनी एकट्याने वाढवलं, आणि निम्मं त्या होडीतच वाढवलं. केतकी नोकरीसाठी पुण्याला गेली, तिथेच लग्न झालं, मूल झालं. डॉक्टरांनी पुढच्या जागेवर वाळूचं पोतं बांधलं.

हे पोतं दवाखान्याच्या वजनकाट्यावर चढायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुणी पेशंटच घोंगडी पांघरून उभा आहे असं वाटलं. उन्हाने वाळू सुकून वजन उतरलं की डॉक्टर तिला तांब्याने पाणी पाजायचे. "केतकीएवढंच पाहिजे," म्हणायचे.

"अहो, मग केतकीलाच बोलवा ना," मी एकदा म्हणालो.

"तिला तिचा संसार आहे, नाना. वारा मागून मिळत नसतो. यायचा तेव्हा येतो."

यंदा भोपाळच्या तलावावर साठीच्या पुढच्यांची शर्यत होती. आयोजकांचा फोन आला: होडी दोन माणसांची आहे, दोन माणसं लागतील, पोतं चालणार नाही. त्या दिवशी साड्या फडफडत होत्या आणि डॉक्टर खुर्चीतच बसून राहिले. मला चैन पडेना. आत जाऊन विचारलं, तर म्हणाले, "या शर्यतीत उतरता आलं नाही तर होडी विकतो. माणूस नसेल तर ती होडी कसली? नुसतं भांडं."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग पोटाकडे. बाजारात बैल बघतात तसं.

"मला पोहता येत नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"पोतं तरी कुठे पोहत होतं?"

घरी सांगितलं तर आमची ही म्हणाली, "जा. इतकी वर्षं खाल्लं ते कुठे तरी कामी येऊ दे."

नकाण्याला सराव सुरू झाला. माझे पाय लांब आणि पुढच्या जागेचा पट्टा आखूड. नडग्या सोलून निघाल्या. पट्टा ज्या दोरीने आवळला होता, तिची गाठ सोडून जरा सैल करावा म्हणून मी वाकलो, तर डॉक्टर जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "त्या गाठीला हात लावायचा नाही, नाना!" म्हशीवाल्यांनीसुद्धा माना वर केल्या. मी मनात म्हटलं, गाठ आहे की देव्हारा? पण तोंड मिटलं आणि नडग्यांना मलम लावलं, माझ्याच दुकानातलं.

भोपाळला जीपमागे होडी बांधून गेलो. सेंधव्याच्या घाटात ट्रकवाले खिडकीतून डोकं काढून बघत होते. डॉक्टर प्रत्येकाला वारा विचारत होते.

आणि काय सांगू, शर्यतीत आम्ही धावलो हो! माझं वजन पहिल्यांदाच गुण ठरलं. मी काठावर आडवा, पाठीला पाणी लागतंय, डॉक्टर मागून ओरडताहेत, "झोका, नाना, अजून झोका!" आमच्या पुढे एकच होडी उरली. मला वाटलं, मारली शर्यत! आता कापसाला नवा चषक.

पाण्यात तरंगणाऱ्या पिंपाला वळसा घालायचा होता. डॉक्टर ओरडले, "आत या!" शीड सपकन माझ्या बाजूला आलं. मला आत सरकायला हवं होतं, पण माझा पाय त्या आखूड पट्ट्यात पिरगळून बसलेला. शीडही माझ्याच बाजूला, मीही त्याच बाजूला. होडी उलटली, नुसती आडवी नव्हे, पार पालथी. आणि तिच्या खाली मी.

अंगातलं लाइफ जॅकेट मला वर ढकलत होतं, होडी खाली दाबत होती आणि पाय सुटत नव्हता. हिरवं पाणी नाकातोंडात गेलं. मला कुलदैवत आठवलं नाही, बायको आठवली नाही. दुकानाची किल्ली खिशात राहिली, एवढंच आठवलं. मग त्या हिरव्या पाण्यात डॉक्टरांचा चेहरा दिसला. त्यांनी माझा पाय ओढून पाहिला. निघेना. त्यांनी गळ्यातला चाकू उघडला आणि ती गाठ कापली. क्षणभरही थांबले नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वर आलो तेव्हा माझी कॉलर त्यांच्या मुठीत होती. "श्वास घ्या. सोडा. घ्या," ते सांगत होते. "होडीला धरून राहा, सोडू नका." मागच्या सगळ्या होड्या आमच्या शेजारून पुढे निघून गेल्या. डॉक्टरांनी एकीकडेही मान वळवून पाहिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष माझ्या छातीवर होतं.

काठावर आणल्यावर त्यांनी माझा घोटा दाबून पाहिला. "हाड शाबूत आहे," म्हणाले. मग खिशातून कापलेल्या दोरीचा तुकडा काढला. गाठ अजून तशीच होती.

"केतकीने बांधली होती," ते म्हणाले. "शेवटच्या शर्यतीला. म्हणाली, पप्पा, माझी जागा कुणाला देऊ नका हं. गमतीनेच म्हणाली."

मी विचारलं, "आणि डॉक्टर, ती तुम्ही माझ्यासाठी कापलीत?"

"मग काय तुमचा पाय कापायचा होता?"

ते हसले, पण तो तुकडा बोटांमध्ये फिरवत राहिले. शर्यत गेली त्याचं त्यांना काही नव्हतं. आता दवाखाना बंद करून रोज घरी जायचं, आणि घरी कुणी नाही, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. इतकी वर्षं शेजारी बसून मला ते दिसलं नव्हतं. मला त्यांची कीव नाही आली, रागच आला.

"फोन लावा तिला," मी म्हटलं.

"अहो, वारा मागून..."

"वारा गेला खड्ड्यात! गावाला जन्मभर सांगता, अंगावर दुखणं काढू नका, वेळेवर येऊन सांगा. आणि स्वतः? लावा फोन!"

त्यांनी जीपमध्ये ठेवलेला फोन आणून लावला. कानात पाणी गेलं होतं म्हणून स्पीकरवर टाकला. मागे लहान मूल रडत होतं.

"केतकी," ते म्हणाले, "तुझी गाठ तुटली गं. मी कापली. मला तशी बांधता येत नाही." आणि मग, पेशंट बोलतात तसं, अगदी हळू: "येतेस का बांधायला?"

पलीकडे पोरीने नाक ओढलं आणि विचारलं, "पप्पा, वारा कुठून आहे?"

दवाखान्यात बसून वाऱ्याची दिशा सांगणारा माणूस! आज त्यांनी फोनच माझ्यापुढे धरला.

मी ओलं बोट वर धरलं.

"पश्चिमेकडून गं पोरी!" मी फोनमध्ये ओरडलो. "आणि चांगला आहे!"