गेले किती, आले किती

रामटेके मामा कोणाच्याही घरी गेले की उंबऱ्याबाहेरच थांबत आणि दारातल्या चपला मोजत. मग आत येऊन विचारत, "सात जोड हाय, मानसं सहाच दिसून राह्यले. एक कोन?" न्हाणीघरातून कोणीतरी 'मी, मी' म्हणून ओरडेपर्यंत ते चहाला हात लावत नसत.

एकदा वरातीची बस त्यांनी इचोड्याच्या धाब्यावर पाऊण तास अडवून धरली. मोजणीत एक माणूस जास्त भरत होता. शेवटी मागच्या सीटवर कुठल्यातरी ट्रकचा क्लीनर निजलेला सापडला. मामांनी त्याला उठवले, त्याचा ट्रक शोधून काढला आणि ड्रायव्हरलाच झापले, "अपना आदमी गिनना नहीं आता क्या?"

मामा बेल्लमपल्लीला कोळसा खाणीच्या लॅम्परूममध्ये होते. खाली उतरणारा माणूस खिडकीत आपल्या नंबरचा बिल्ला द्यायचा आणि टोपीवरची बत्ती घ्यायचा. वर आला की बत्ती द्यायची, बिल्ला परत घ्यायचा. भिंतीवरच्या खिळ्याला बिल्ला लटकलेला असेल, तर माणूस अजून खाली आहे. मामांची सारी विद्या एवढीच. "गेले किती, आले किती? बाकी दुनियेत दुसरा हिशोब नाई," असे ते म्हणत.

नाही म्हणायला दुसरा एक नाद होता, 'ध्रुवयान'. नागपूरहून निघणारी ही छोट्या पुस्तकांची मालिका मंचेरियलच्या स्टेशनवर मिळायची. आठ माणसांचे यान ग्रहाग्रहांवर जाते आणि परत निघण्याआधी कप्तान भास्कर प्रत्येकाचे नाव घेऊन मोजणी करतो. मामा म्हणत, "हा लिवनारा नक्की लॅम्परूमात राह्यला असंन."

हा नाद त्यांना लावला धाकट्या भावाने, गौतमने. गौतमकाका खाणीतच होते. संध्याकाळी ओसरीवर ते मोठ्याने वाचत आणि मामा चुका काढत. पण गौतमकाकांना पर्मनंट नोकरी सोडून रेडिओ दुरुस्ती शिकायची होती. त्यावरून भांडण झाले आणि मामांचा हात उठला. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर गौतमकाकांनी मामांच्या खिडकीत बत्ती दिली, पण बिल्ला घेतला नाही. "राहू द्या तुमच्याकडं," म्हणाले आणि तसेच स्टेशनवर गेले. पुन्हा आले नाहीत. चिठ्ठीही नाही. मामा त्यांच्याविषयी एकच वाक्य बोलत, "त्याची बत्ती जमा हाय."

पुढच्याच वर्षी 'ध्रुवयान' बंद पडले. तेही कुठे, तर वादळात शनीच्या चंद्रावर यंत्रज्ञ सोमनाथ मागे राहिला आणि यान निघून आले, तिथे. पुढचे पुस्तक निघालेच नाही.

"आठ गेले, सात आले," मामा वर्षानुवर्षे हळहळत. "असं पुस्तक बंद करते कोनी?"

"शनीवरच्या मानसाची फिकीर हाय यायले," मामी स्वयंपाकघरातून म्हणत, "गिरनीत दळन ठेवलं, ते आनाची नाई."

मालिका चालू होती तेव्हा मामा दर पुस्तकानंतर प्रकाशकाला कार्ड पाठवत. ते निझामाच्या वेळचे उर्दू शिकलेले; मराठी वाचत, पण लिहिता येत नसे, म्हणून शेजारच्या क्वार्टरमधल्या माझ्याकडून कार्ड लिहवून घेत. 'शुक्रावर पाऊस तेजाबाचा पडतो. आपण छत्री दाखवली. छत्री जळेल.' अशी ती कार्डे. शेवटी पत्ता पूर्ण: नाव, क्वार्टरचा नंबर, कितवी ओळ, पाण्याच्या कोणत्या टाकीजवळ. मी म्हणायची, "मामा, अर्धं कार्ड पत्त्यातच गेलं." ते म्हणत, "पत्ता कापाचा नाई. मजकूर काप." वाचकांच्या पत्रांत ती पत्त्यासह छापून येत आणि मामा आधी पत्ता तपासत. मालिका बंद पडल्यावरही त्यांनी चार-पाच कार्डे धाडली. ती शिक्का मारून परत आली.

मी आज शिकलेली आहे, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. मंचेरियलच्या कॉलेजात रोज गाडीने जायचे म्हटल्यावर माझे बाबा कचरत होते. आमच्या घरात मॅट्रिकपुढे कोणी गेलेले नव्हते. मामा म्हणाले, "पोरीले जाऊ दे. वापस आली का नाई ते मोजाची जिम्मेदारी माही." आणि तीन वर्षे माझी गाडी येण्याच्या वेळेला ते क्वार्टरच्या कोपऱ्यावर उभे असत. मला पाहिले की बोट वर करत, 'एक', आणि घरात जात.

शेवटच्या वर्षी स्टेशनवरचा पुस्तकवाला मला म्हणाला, "बहेनजी, आपका ध्रुवयान फिर से आया." मी धावतच ते घरी आणले. नव्या प्रकाशकाने सारे पहिल्यापासून सुरू केले होते. नवे यान, नवी माणसे आणि कप्तान इरा नावाची बाई.

मामांनी मुखपृष्ठ पाहिले आणि पुस्तक उलटे ठेवले. "हे यान हाय का स्टीलचं ताट? आपल्या यानाले गंज होता."

"बाई कप्तान झाली म्हणून राग आला का?" मी जरा तडकूनच विचारले.

"बाईचं काई नाई. पन यान उडवताना तिनं मोजनी केली नाई. पान नऊ."

म्हणजे वाचले होते! मी चहा आणायला आत गेले होते तेवढ्यात. दुसरे पुस्तक त्यांनी 'चुका काढाले' नेले आणि तीन दिवस दिले नाही. चौथ्याच्या वेळी कोपऱ्यावर उभे असताना बोट वर करायचे विसरले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "ते आलं काय?"

"कोणतं, मामा?"

"तेच. ताट."

पाचवे मी रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर मोठ्याने वाचले. मामी तुरीची डाळ पाखडत होत्या. इराला जुन्या यानाची हजेरीवही आणि सोमनाथचा बिल्ला सापडतो; तो ती आपल्या यानात खुंटीला लावते. आठ गेले, सात आले. वरून हुकूम असतो, पुढे चला. ती यान वळवते. शनीच्या चंद्रावर सोमनाथ भेटतो. केस पांढरे झालेले. पण तो यानात पाय ठेवत नाही. म्हणतो, 'फार वर्षं झाली. माझी जागा कोणाला दिली असेल.' इरा आत जाते. खुंटीवरचा त्याचा बिल्ला काढते आणि त्याच्या तळहातावर ठेवते.

मामींचे सूप थांबले.

"पुन्हा वाच," मामा म्हणाले. मी वाचले.

"मोजता येते बाईले," ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "कार्ड आन. लिव, पुस्तक चांगलं हाय. चूक नाई."

सगळ्या आयुष्यात मामांनी कोणाला 'चूक नाही' म्हटलेले मी ऐकले नव्हते. मी लिहायला बसले.

"आनखी लिव. आमी तितंच राहतो. मांगची खोली खाली हाय. बिल्ला खिळ्यालेच हाय."

मी लेखणी थांबवली. "मामा, प्रकाशकाला त्याचं काय?"

"त्याले कुठं लिवून राह्यलो," मामा म्हणाले. "हे छापतीन, अन् पुस्तक त्याच्याबी हाती पडंन ना कुठं."

मामी डाळीकडे बघत म्हणाल्या, "टाकीचं नाव बदललं हाय. नवं लिवजो, बाई. नाईतर चुकंन तो."

मी ते कार्ड बाजूला ठेवले आणि कोरे घेतले. या खेपेस आधी पत्ता लिहिला, पूर्ण, मोठ्या अक्षरात. मग खोलीचा आणि बिल्ल्याचा निरोप. उरलेल्या जागेत पुस्तकाची स्तुती बसवली.