प्रयागबाईंची सूज

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या प्रयागबाई सकाळी नऊ वाजता हिरवी काचेची बांगडी घेऊन माझ्याकडे यायच्या आणि उजवा हात पुढे करायच्या. मी बांगडी त्यांच्या हातात चढवून मनगटावरून वर सरकवायची. जिथे अडकेल तिथे बॉलपेननं ठिपका द्यायचा. मग त्या खिडकीशी जाऊन हात उजेडात धरायच्या आणि गंभीरपणे म्हणायच्या, "सरूबाई, कालच्यापेक्षा दोन बोटं सूज जास्त."

प्रयागबाई अडुसष्ट वर्षांच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. विधवा बाई हिरवी बांगडी घेऊन जिन्यात दिसली की लोक बोलणारच. खालच्या मजल्यावरच्या एकीनं तोंडावर विचारलं. प्रयागबाई म्हणाल्या, "नवऱ्यासाठी नाही, सुजेसाठी आहे."

बांगडी स्वतः का सरकवत नाही, असं मीही एकदा विचारलं होतं.

"मी ढकलली तर मला पाहिजे तिथं नेऊन ठेवीन. तुम्ही खोटं बोलत नाही."

"मी चांगली आहे म्हणून?"

"छे. तुम्हाला जमत नाही म्हणून."

हे खरं आहे. माझ्या सुनेला विचारा.

सूज होती वजनं उचलण्याची. इकडे तेलुगू मुलखात, चिक्कडपल्लीच्या बाजारात, एका इडली-डोशाच्या टिफिन सेंटरच्या डोक्यावर बायकांची जिम आहे. तिथे प्रयागबाई आठवड्यातून तीन दिवस जायच्या. जाताना नवऱ्याचा लेंगा घालायच्या आणि त्यावर साडी गुडघ्यापर्यंत खोचायच्या. "माणूस गेला, लेंगा अजून मजबूत आहे," म्हणायच्या. घरी पंचवीस किलोची तांदळाची गोणी होती. ती दिवसातून वीसदा जमिनीवरून उचलून पलंगावर ठेवायची आणि पलंगावरून जमिनीवर. त्या गोणीतला तांदूळ कुणी खाल्ला नाही. त्याला किडे झाले तरी उचलणं चालूच.

हे सगळं त्यांच्या नणंदेपायी. वच्छलाबाई वयानं मोठ्या, म्हणून प्रयागबाई त्यांना आक्का म्हणायच्या. त्यांना नवऱ्यानं लवकर टाकलं आणि त्या भावाच्या घरी आल्या, त्या कायमच्याच. मंडळी मूळची नांदेडकडची, शेतीवाडीची. प्रयागबाई नव्या नवरी म्हणून आल्या, तेव्हा चौथ्या दिवशी त्यांची भाकरी फाटली. ती भाकरी वच्छलाबाईंनी ताटलीत ठेवून पंगतीतल्या एकेकाला फिरून दाखवली. असं चाळीस-पंचेचाळीस वर्षं चाललं. दोन वर्षांपूर्वी वच्छलाबाईंची डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली. कामाला ठेवलेल्या दोन बाया त्या जिभेला कंटाळून गेल्या. तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, पुन्हा पलंगावर, असं दिवसातून पाच-सहा वेळा प्रयागबाईच त्यांना उचलत होत्या. वच्छलाबाईंचं वजन कुणी विचारलं तर प्रयागबाई सांगत, "सव्वादोन गोण्या."

दिवाळीत प्रयागबाईंची कंबर धरली. चार दिवस त्या स्वतःच पडून. मुलगा संदीप पुण्याहून आला, नोकरी तिकडेच. तो म्हणाला, "आई, आता पुरे. आत्याला आश्रमात ठेवू. मी बघून आलोय, चांगला आहे."

"पुरावा?"

हा त्यांचा शब्द. भाजीवाली वांगी ताजी आहेत म्हणाली तरी, पुरावा?

"आई, पुरावा कसला? तुझी कंबर हाच पुरावा."

"मग शिवरात्रीला ये. तुझ्यासमोर आक्काला उचलते. नाही उचलता आलं तर ने तिला."

संदीप कबूल झाला. आईला हे जमणार नाही, असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं आणि मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रयागबाई जिममध्ये गेल्या.

कॉफीचं प्रकरण तिथून सुरू झालं. जिम शिकवणारी स्वरूपा तेलुगू मुलगी. आमच्याशी मात्र इथल्या हिंदीत बोलायची. तिनं सांगितलं, "अम्मा, काली कॉफी पीके आओ. वजन उठाने में जोर आता. सूजन बी कम होती बोलते." प्रयागबाईंना पुरावा पाहिजे होता. म्हणून बांगडी आली. एक आठवडा कॉफी पिऊन जायचं, एक आठवडा न पिता. मी ठिपके देत गेले. कॉफीच्या आठवड्यात बांगडी खरंच वर जायची, म्हणजे सूज कमी. किती खूश झाल्या! मला म्हणाल्या, "बघा, अंगानं साक्ष दिली."

हा आनंद स्वरूपानंच घालवला. ती म्हणाली, "पन अम्मा, थोडी सूजन होनाच. सूजन आई तोच बदन मरम्मत करता. पूरी दबाए तो ताकत कैसी आती? पक्का किसी कू नै मालूम. कोई ऐसा बोलता, कोई वैसा."

प्रयागबाई माझ्याकडे येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "गवंडी घरात आला की धूळ उडतेच. धूळ नको म्हणून गवंड्यालाच हाकललं, तर भिंत कोण बांधणार?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे कॉफी बंद."

"त्या मुलीलाच नक्की माहीत नाही म्हणते ना?"

"नाही माहीत. पण चुकले तर आक्का आश्रमात जाईल. कॉफी जाऊ दे."

त्या घरात कॉफी म्हणजे काय, हे मला माहीत होतं. दुपारी चारला फिल्टरमधला डिकॉक्शन, कॉफीचा अर्क, उतरला की आधी वास यायचा आणि मागून भांडण. वच्छलाबाईंचं तोंड वाकडं झालेलं, त्यामुळे प्रयागबाई त्यांना बशीनं पाजायच्या. "पाणी घातलंस का?" "दूध जळलंय." "आक्का, प्या नाहीतर ओतून देते." "ओत, तुझ्या बापाची कॉफी आहे!" हे रोजचं.

प्रयागबाईंनी सोडली तेव्हा आक्कासाठी एकीपुरती केली. वच्छलाबाईंनी तोंड फिरवलं.

"तू पीत नाहीस, आणि मी पिऊ? मी काय हावरट आहे?"

"आक्का, मला व्यायामासाठी सोडायची आहे. तुमचं काय?"

"मला बिनव्यायामाची सोडायची आहे."

पहिला आठवडा दोघींची डोकी भणाणली. दोघी कपाळाला फडकं बांधून समोरासमोर बसलेल्या मी पाहिल्या. म्हटलं, तुम्ही दोघी वेड्या आहात. वच्छलाबाई म्हणाल्या, "ही आहे. मी हिच्या घरात राहते म्हणून दिसते."

आश्रमाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण कान चांगले होते, आणि संदीपला हळू बोलता येत नाही.

शिवरात्रीला संदीप आला. मला साक्षीला बोलावलं. त्या घरात मी रोज जाते, पण उचलणं कधी पाहिलं नव्हतं. त्या वेळी वच्छलाबाई दार लावायला लावायच्या. त्या दिवशी दार उघडं ठेवावं लागलं. संदीप खुर्चीवर बसला, बॅग मांडीवर. बॅगेत आश्रमाचे कागद होते. प्रयागबाईंनी साडी खोचली, पाय फाकवले, गुडघे वाकवले, पाठ सरळ धरली. नणंदेच्या काखेत हात घातले.

"आक्का, एक, दोन..."

"पाडशील."

"तीन."

उचललं, पण वीतभरच. मग दोघी तशाच लोंबकळल्या. प्रयागबाईंच्या मानेची शीर तटतटली. मला वाटलं, संपलं. तेव्हा मला दिसलं. वच्छलाबाईंच्या चांगल्या, उजव्या हाताची मूठ पलंगाच्या लोखंडी गजावर आवळलेली होती. पडायच्या भीतीनं बाई रोजच गज धरून ठेवत असणार, आज तर सगळा जीव लावून. म्हणजे दोन वर्षं प्रयागबाई नुसतं माणूस उचलत नव्हत्या, पलंगही ओढत होत्या. आणि ही गोष्ट त्यांना माहीत असणार. त्यांनी ती ना मुलाला सांगितली होती, ना मला.

माझ्या ओठांवर आलं होतं, गज सोडा. मी बोलले नाही. मला ते जमलं, याचं मला अजून नवल वाटतं.

संदीप उठायला लागला. "आई, राहू दे. झालं."

वच्छलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या बॅगेकडे. मग मूठ उघडली. बोटं एकेक करून सुटली, जशी काही दुसऱ्या कुणाची असावीत. तो हात हवेत जरा भटकला आणि प्रयागबाईंच्या मानेभोवती पडला.

पुढचं एका दमात झालं. उचललं, वळवलं, खुर्चीत बसवलं. संदीपनं बॅगेची चेन लावली आणि बॅग खाली ठेवली.

प्रयागबाई मात्र वाकलेल्याच होत्या, कारण मानेवरचा हात सुटत नव्हता.

"सोडा की आक्का. बसलात तुम्ही."

"माहीत आहे बसले."

"मग?"

"तुझे पाय बघ कसे लटलटतायत," वच्छलाबाई म्हणाल्या. "सोडलं तर पडशील."